शेंदूर लावलेला अडॅप्टर

मांडवखेडच्या पोळ्यात यंदा तोरण कोणाच्या बैलांनी आधी ओलांडलं, हे अख्ख्या गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणूनच ते कोणाला सांगता येत नव्हतं.

घडलं ते एवढंच. चौकात तोरण बांधलं होतं, खाली जोड्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्यात पुढे बाबारावांची जोडी, चांद्या आणि लाख्या, कारण पहिल्या जोडीचा मान बाबारावांच्या घराचा. तो त्यांच्या आजोबांपासून चालत आला आहे. त्याआधी कोणाचा होता हे ज्यांना ठाऊक होतं ते आता सांगायला नाहीत, त्यामुळे मान पुरातन समजला जातो. मागे यशवंतरावांची जोडी. मागे म्हणजे नियमाने मागे. प्रत्यक्षात यशवंतरावांनी ती सरकवत सरकवत जवळजवळ शेजारी आणली होती. तेवढ्यात कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला. बैल उधळले, तोरण तुटलं, वाजंत्री डफडी टाकून पळाले आणि धूर निवळला तेव्हा दोन्ही जोड्या पलीकडे मारुतीच्या पाराजवळ उभ्या होत्या, जणू तिथेच जन्मल्या होत्या.

गावचा नियम साधा आहे. तोरण ज्याच्या बैलांनी आधी ओलांडलं, मान त्याचा. आजवर या नियमाची कधी गरज पडली नव्हती, म्हणून तो साधा राहिला होता.

“माहे बैल आधी गेले,” यशवंतराव म्हणाले.

“तुहे बैल?” बाबाराव म्हणाले. “परवा उटनूरकडून टेम्पोत आणले तू. भाड्याचे. त्यायले तुहं घर तरी मालूम हाय काय?”

“दोन राती माह्या दावणीले होते. दोन रातीची दावण, दावण नाई काय?”

यावर गावाने विचार केला. मानाची जोडी घरच्या दावणीची पाहिजे हा संकेत होता, पण घरची व्हायला किती राती लागतात हे कोणी ठरवून ठेवलं नव्हतं. शिवाय त्या दिवशी उभ्या असलेल्या जोड्यांपैकी निम्म्या भाड्याच्या होत्या, त्यामुळे हा मुद्दा कोणी फार ओढला नाही.

पोरांच्या मोबाईलमध्ये पोळ्याचे भरपूर व्हिडिओ होते. ते सगळे पाहिले. त्यांत पोरंच होती.

सरपंच सुनयनाबाई नात्याने दोघांचीही सून लागत होत्या, त्यामुळे त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दोघांनाही पटेल असा तोडगा काढला. “मामाजी, भांडू नका. चौकात कॅमेरा हाय ना? कॅमेरा सांगल त्याचा मान. तोवर मानाचा नारळ आन शेला पंचायतीच्या आलमारीत राहील.”

चौकातल्या कॅमेऱ्याची गावाला एकदम आठवण झाली. काही वर्षांपूर्वी वर्गणी काढून चार कॅमेरे बसवले होते. पंचायतीच्या कचेरीत रेकॉर्डिंगचं मशीन, त्यावर टीव्हीसारखा पडदा. सुरुवातीला लोक संध्याकाळी येऊन पडद्यावर चौक बघायचे, जो त्यांनी आत्ताच पायी ओलांडलेला असायचा. मग तेही थांबलं.

यात खरं काय पणाला लागलं होतं, ते मात्र बाबारावांच्या घरात तिघांनाच माहीत होतं. त्यांच्या मुलाने, वैभवने, ट्रॅक्टर घेतला त्या वर्षी बापलेकांत एक करार झाला होता. नांगरट ट्रॅक्टरने, पेरणी ट्रॅक्टरने, कापूस नेणं ट्रॅक्टरने. मग बैल कशाला? बाबाराव म्हणाले होते, मानाला. वैभव म्हणाला होता, ठीक आहे, घरात मान आहे तोवर जोडी राहील. मान गेला की जोडी इचोड्याच्या बाजारात. बाबारावांनी हसत हसत होकार दिला होता, कारण आजोबांपासूनचा मान एका सुतळी बॉम्बने जाऊ शकतो हे तेव्हा त्यांना सुचलं नव्हतं.

“बाबा, बोलणं झालं होतं,” वैभव आता म्हणाला. तोंड वाकडं करून नाही म्हणाला. तोंड पुसत म्हणाला.

“झालं होतं ना. मी कुठं नाई म्हणून राह्यलो? कॅमेरा पाहू दे.”

*

दुसऱ्या दिवशी पंचायतीत मशीन चालू करायला गेले तर ते चालू झालं नाही.

देवानंद पंचायतीचा कारोबार. आमच्याकडे कारकून करतो ते कामही कारोबार आणि करणारा माणूसही कारोबार. देवानंदने बटण दाबलं, वायर हलवली, पुन्हा बटण दाबलं, मशीनच्या डोक्यावर हलकी थाप मारली. पडद्यावर काहीच आलं नाही.

“मशीन मेलं काय?” बाबारावांनी विचारलं.

“मशीन नाई काका. हे.” देवानंदने टेबलाखालून विटेच्या अर्ध्या तुकड्याएवढा काळा डबा ओढून काढला. “याचा दिवा लागत नाई. याच्यातून मशीनले करंट जाते. हा गेला.”

“कवा गेला?”

हा प्रश्न देवानंदला आवडला नाही. “गेला असन.”

“अरे, पोळ्याच्या आधी का नंतर?”

“काका, तो काई सांगून जाते काय?”

म्हणजे पोळा मशीनमध्ये असेल किंवा नसेल. हे कळायला डबा पाहिजे. बाबारावांनी तो हातात घेऊन उलटा केला. खाली जिथे कंपनीने सगळी माहिती छापलेली असते, त्या कागदावर बरोबर मधोमध, नीट हाताने, तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढलेलं होतं.

“हे कोनं केलं?”

“दसऱ्याले,” देवानंद म्हणाला. त्याच्या आवाजात कसलाही अपराध नव्हता, आणि का असावा? खंडेनवमीला गावात जे जे चालतं त्याची पूजा होते. त्याने पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरची केली, सरपंचबाईंच्या खुर्चीची केली, मशीनची केली. डब्याच्या वरच्या बाजूला जागा गुळगुळीत होती, तिथे शेंदूर टिकत नव्हता. खालच्या कागदावर छान बसला.

स्वस्तिकाच्या एका पायाशी, शेंदूर संपतो तिथे, एक अंक दिसत होता. दोन. त्याच्या अलीकडे काही होतं की नव्हतं हे शेंदराला माहीत.

*

मांडवखेड बोलतं मराठी, पण आहे तेलंगणात. जवळच्या तलमडुगुला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदाराने डबा हातात घेतला, स्वस्तिक पाहिलं आणि आधी कपाळाला लावला.

“काय हाय हे?”

“कॅमेऱ्याच्या मशीनचा चार्जर,” बाबाराव म्हणाले.

“चार्जर नाई, अडॅप्टर,” देवानंद म्हणाला.

“किती व्होल्टचा?”

“लिहून हाय त्याच्यावर.”

“शेंदूर हाय त्याच्यावर.”

“शेंदराखाली लिहून हाय.”

दुकानदाराने वायरचं टोक पाहिलं. मोबाईलच्या चार्जरला असतं तसं ते नव्हतं. गोल होतं आणि आत चार बारीक काड्या होत्या. त्याने आपल्याकडच्या सगळ्या पिना एकेक करून त्याच्याशी लावून पाहिल्या, मग मान हलवून म्हणाला, “असं मी पाह्यलंच नाई. इचोड्याले जा. तिथं ट्रकवाले येते. त्यायच्याकडे सगळंच असते.”

इचोड्याला हैदराबाद-नागपूर रस्त्यावर ट्रकची वायरिंग करणारे ओळीने बसतात. त्यातल्या पहिल्याने हिंदीत विचारलं, “गाडी कौन सी?” गाडी नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह गेला, पण बाबाराव म्हातारे होते, लांबून आले होते, म्हणून त्याने मदत करायचं ठरवलं. पुढचा सगळा घोटाळा त्या मदतीतून झाला. त्याने फडकं डिझेलमध्ये बुडवलं आणि, “अभी पढ़ लेते हैं,” म्हणत शेंदूर पुसला.

शेंदूर सुंदर निघाला. त्याच्यासोबत छापील अक्षरंही निघाली. तो दोन पण गेला. कागदावर फक्त एक चित्र उरलं: कचऱ्याचा डबा आणि त्यावर फुली.

तिघे त्या चित्राकडे पाहत राहिले.

“म्हणजे कचऱ्यात टाकू नका,” देवानंद म्हणाला.

“का कचराच हाय म्हणते?” बाबाराव म्हणाले.

“दोनों हो सकता है,” मेकॅनिक म्हणाला आणि दुसऱ्या ट्रककडे गेला.

परतीच्या जीपमध्ये देवानंदने ठेकेदाराला फोन लावला. कॅमेरे बसवणाऱ्या ठेकेदाराचा नंबर मशीनच्या मागे चिकटवलेला होता, मोठ्या लाल अक्षरांत, ‘सेवेसाठी कधीही संपर्क करा’ असं वर लिहून. देवानंदने तो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच मोबाईलमध्ये घेतला होता आणि तेव्हापासून रोज लावत होता. रोज एक बाई फोन उचलायच्या. त्या करीमनगरकडच्या कुठल्याशा गावात राहत होत्या आणि त्यांचा कॅमेऱ्याशी काही संबंध नव्हता. तो नंबर त्यांना नवीन सिमसोबत मिळाला होता. आधी त्या रागवायच्या. आता आवाज ओळखून स्वतःच विचारायच्या, “दोरिकिंदा?” म्हणजे सापडलं का?

“लेदु अम्मा,” देवानंद सांगायचा. नाही सापडलं.

“काय म्हणते?” बाबाराव विचारायचे.

“काळजी करून राह्यली.”

*

आदिलाबादला जायला आणखी काही दिवस गेले, कारण गणपती बसले आणि देवानंद मंडळाचा खजिनदार होता. या सगळ्या काळात बाबाराव घरी क्वचितच असत. सकाळी चहा घेऊन पंचायतीत, तिथून कुठेतरी, संध्याकाळी पुन्हा पंचायतीत, मशीनसमोर बसून. जणू ते आजारी माणूस होतं आणि कोणीतरी उशाशी बसणं भाग होतं. बैलांना चारापाणी वैभव करायचा. ट्रॅक्टर असल्यामुळे बैल कुठे न्यायचे नसत. तो गोठ्यातच टोपलं आणि बादली ठेवून निघून जायचा.

“ज्यायच्यासाठी फिरून राह्यले त्यायच्याकडे पाह्यलं तरी काय?” रुख्मिणीबाईंनी एकदा विचारलं.

“त्यायच्यासाठीच तं फिरून राह्यलो,” बाबाराव म्हणाले. त्यांना बायकोचा प्रश्न कळला नाही. बायकोला त्यांचं उत्तर कळलं नाही. घरात शांतता होती.

आदिलाबादच्या दुकानात भिंतभर कॅमेरे होते आणि त्या सगळ्या कॅमेऱ्यांत दुकानात उभे असलेले बाबाराव दिसत होते. ते थोडे दचकले. मालकाने डबा पाहून तेलुगूत विचारलं, “रेंडु अँप्सा, नालुगु अँप्सा?”

“चार,” देवानंद म्हणाला. “चार कॅमेरे हैं.”

“कैमरे नहीं पूछा. अँप पूछा. दो या चार?”

देवानंदने बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी भिंतीवरच्या स्वतःकडे पाहिलं.

“अच्छा, व्होल्ट? बारा या अडतालीस?”

“दोन्हीत फरक काय?” बाबारावांनी विचारलं. देवानंदने हिंदीत तो पुढे नेला.

मालकाने नीट समजावून सांगितलं. जुनी मशीनं बाराची, काही चोवीसची, कॅमेऱ्याला वायरमधूनच करंट देणारी अडतालीसची. डबे सगळे सारखेच दिसतात. पिनाही कधी कधी सारख्याच. चार काड्यांची पीन आता येत नाही; पण माझ्याकडे एक जुना डबा पडला आहे, त्याला तशी पीन आहे. तो अडतालीसचा आहे असं वाटतं. त्याच्यावरचा कागद पण गेला आहे.

“लगा के देखो,” तो म्हणाला. “चला तो चला.”

“और नहीं चला तो?”

“फिर कुछ भी नहीं चलेगा.”

देवानंदने विचारलं, कुछ भी म्हणजे? मालक म्हणाला, म्हणजे मशीन जळेल, आतली डिस्क जळेल, डिस्कमध्ये जे असेल ते जाईल. त्यापेक्षा नवीन सिस्टम घ्या. रंगीत चित्र, रात्रीपण रंगीत.

बाबारावांना नवीन पोळा नको होता, झालेलाच हवा होता. पण तो जुना डबा त्यांनी घेतला. पीन बसत होती, आणि इतक्या दिवसांत काहीतरी कशात तरी बसत असलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

संध्याकाळी डबा टेबलावर ठेवून पंचायतीत मोठी सभा भरली. लावायचा की नाही? यशवंतराव म्हणाले, लावा. बाबाराव म्हणाले, थांबा. यावरून लोकांनी अर्थ काढला की यशवंतरावांना आपण जिंकल्याची खात्री आहे. मग कोणीतरी म्हणालं, अरे, जळालं तर पुरावाच जाईल, म्हणून तो लावा म्हणतो. म्हणजे त्याला हरल्याची खात्री आहे. तोवर यशवंतराव म्हणाले, मग नका लावू. आता कोणालाच काही कळेना.

“सकाळी ठेकेदाराले पुन्हा फोन करू,” सुनयनाबाई म्हणाल्या.

“बाई, तिथं ठेकेदार नाई. तिथं एक बाई हाय,” देवानंद म्हणाला, आणि इतक्या दिवसांचा सगळा राग त्याच्या नखात उतरला. त्याने मशीन फिरवलं, ‘सेवेसाठी कधीही संपर्क करा’ या लाल अक्षरांखाली नख घातलं आणि कागद टर्रकन उपटला.

कागदाखाली मशीनच्या पत्र्यावर, वायर खुपसायच्या भोकाशेजारी, कोरलेलं होतं: १२ व्होल्ट.

बाबारावांनी अडतालीसचा डबा उचलून टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठेवला, विंचू ठेवावा तसा.

“बारा?” ते म्हणाले. “बारा तं झटका मशीनची बॅटरी असते.”

रानडुकरांसाठी कुंपणाच्या तारेला झटका देणारं मशीन आमच्याकडे ज्याला शेत आहे त्याच्याकडे आहे, आणि ज्याला झटका मशीन परवडत नाही त्याच्याकडेही फवारणीचा पंप आहे, ज्यात बारा व्होल्टचीच बॅटरी असते. म्हणजे जी वस्तू शोधायला दोघे आदिलाबादपर्यंत गेले होते ती गावाच्या चारी बाजूंनी शेता-शेतांत टिकटिक करत होती. पण ती डब्यासारखी दिसत नव्हती. डब्यासारखी वस्तू शोधणाऱ्याला ती कशी दिसावी?

बाबारावांनी शेतातून बॅटरी आणली. मेलेल्या डब्याची वायर कापायची म्हटल्यावर यशवंतराव म्हणाले, “कापायच्या आधी सगळ्यायनं पाहून घ्या. मांगून म्हणू नका.” सगळ्यांनी वायर पाहून घेतली. वायर कापली. आत लाल आणि काळी निघाली. बाबाराव रोज संध्याकाळी कुंपणाला लावतात तशी त्यांनी लाल लालला लावली, काळी काळ्याला. मशीनने घरघर केली, एकदा बीप केलं आणि पडद्यावर उजेड आला.

गावाने टाळ्या वाजवल्या. कशासाठी, हे नक्की नव्हतं.

*

मशीनच्या हिशेबाने पोळा जानेवारीत झाला होता. कॅमेरे बसवताना कोणी तारीख नीट घातली नव्हती. देवानंद एकेक दिवस उघडून पाहत होता. रिकामा चौक, रिकामा चौक, एक कुत्रं, रिकामा चौक. मग एका जानेवारीत माणसं दिसू लागली, कोणीतरी शिडी आणली, आणि पुढच्याच क्षणी पडदा हिरवा-काळा झाला.

“हे काय झालं?”

“पानं,” कोणीतरी म्हणालं.

चौकात सरळ उभा खांब एकच आहे आणि त्याच खांबावर कॅमेरा आहे. तोरणाची दोरी त्यालाच बांधली होती. आंब्याचा डहाळा कॅमेऱ्याच्या नाकावर लोंबत होता. पोळा झाला होता, तो संपूर्ण नोंदवला गेला होता, आणि तो आंब्याच्या पानांचा होता.

“खाली पाहा,” सुनयनाबाई म्हणाल्या. “खाली थोडं दिसते.”

खरंच, पानांच्या खाली पडद्याच्या तळाशी एक पट्टी मोकळी होती. तिच्यात पाय दिसत होते. गुडघ्यापासून खालचे. माणसांचे इतके की बैलांचे निवडून काढावे लागत होते, आणि सणाचे म्हणून सगळ्यांचे कपडे पांढरे. मग मध्येच पट्टी हादरली. बॉम्ब. माणसांचे पाय बाजूला पळाले. मध्ये मोकळी जागा झाली, आणि तिच्यातून बैलांचे पाय गेले. आधी एक जोडी. तिच्या मागे, अगदी हातभर अंतराने, दुसरी.

“थांबव,” सुनयनाबाई म्हणाल्या. देवानंदने मागे घेऊन पुन्हा लावलं.

पहिली जोडी गेली. “हे माहे,” यशवंतराव म्हणाले.

“पक्कं?”

“पक्कं. बैलाचा रुबाब पाहा ना.”

दुसरी जोडी गेली. “का हे माहे होते?” यशवंतराव म्हणाले. “अरे, पुन्हा लाव.”

पुन्हा लावलं. लोक पुढे सरकले. बैलांना पायांवरून ओळखायची कोणाला सवय राहिली नव्हती. बहुतेकांनी या वर्षी आपले बैल टेम्पोतून उतरताना पहिल्यांदा पाहिले होते. एकजण म्हणाला, पहिले बाबाराव काकाचे. दुसरा म्हणाला, दुसरे. तिसरा म्हणाला, हे बैल नाहीत, म्हशी आहेत. त्याला बाहेर काढलं. सुनयनाबाईंनी कपाळाला हात लावला. निकाल लागण्यासारखा नव्हता, आणि निकाल नसेल तर मान जुन्या घरी राहतो, हे त्यांच्या ओठांवर आलेलंच होतं. बाबाराव गप्प बसले असते तरी पुरे होतं. वैभव दाराशी उभा होता. त्यालाही हे दिसत होतं.

बाबाराव पडद्याला नाक लावून बसले होते.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले.

लावलं.

“मांगची जोडी. हळू लाव.”

देवानंदने हळू लावलं. पाय उचलले जात होते, टेकत होते. बाबाराव एकदम उठले, त्यांच्या मांडीवरचा गमछा खाली पडला.

“अरे, हा तं चांद्या!” ते ओरडले. “पाय पाहा त्याचा. मांगचा डावा. टेकवून नाई राह्यला तो! बॉम्बानं काचबिच उडाली काय… वैभव, अरे, तू चारा टाकतं ना, तुले दिसलं नाई? दोन हप्ते झाले न् बे!”

कचेरीतल्या सगळ्या माना यशवंतरावांकडे वळल्या. बाबारावांना त्या दिसल्या नाहीत. ते लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत दाराकडे निघाले होते.

“मामाजी,” सुनयनाबाई म्हणाल्या, “म्हणजे मांगची जोडी तुमची?”

“माहीच ना बाई, त्याच्यात काय इचारतं! चांद्या हाय तो!” आणि ते बाहेर पडले.

यशवंतरावांना जिंकल्याचं कळायला थोडा वेळ लागला. सरपंचबाईंनी आलमारी उघडून शेला त्यांच्या खांद्यावर टाकला तेव्हा ते इकडेतिकडे पाहत होते. “तो असा काऊन गेला?” त्यांनी विचारलं.

*

चांद्याच्या खुरात काचेचा तुकडा होता. आजूबाजूचा भाग सुजून दगडासारखा झाला होता. तो गोठ्यात एकाच जागी उभा राहून चारा खात होता, त्यामुळे त्याचं काही बिघडलं आहे असं कोणाला दिसलं नव्हतं.

वैभव सकाळीच मोटारसायकलवर गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. तो वाटेत काही बोलला नसावा, कारण डॉक्टरांना बैल कोणता हेही माहीत नव्हतं. पाय वैभवने धरला. डॉक्टरांनी काच काढली, धुतलं, औषध भरलं, पट्टी बांधली. बाबाराव चांद्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांना आता आठवलं होतं की काल आपण काय बोललो. रात्रभर त्यांनी स्वतःला ते आठवू दिलं नव्हतं.

रुख्मिणीबाई दारात पितळी तांब्या घेऊन उभ्या होत्या. “अवो, कवा बरा होईल म्हणते, इचारा ना. तो बाजाराचा…” त्या थांबल्या.

बाबारावांनी आपल्या बैलबाजारापुरत्या तुटक्या तेलुगूत डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हात पुसत म्हणाले, “पदि रोजुल्लो तग्गिपोतुंदि.” दहा दिवसांत उतरेल.

“काय म्हणते?” रुख्मिणीबाईंनी विचारलं.

बाबारावांनी चांद्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग छपराकडे पाहत म्हणाले, “दिवाळी होईल म्हणते. त्याच्या आधी चालवू नका म्हणते. पुढंही पाहा लागते म्हणते.”

वैभव तलमडुगुला तेलुगू शाळेत दहावीपर्यंत शिकला होता. खतवाल्याशी, बँकेशी, ट्रॅक्टरवाल्याशी तो तेलुगूतच भांडतो. तो चांद्याचा पाय मांडीवर घेऊन खाली बसला होता. त्याने बापाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग त्याने पाय हळूच गवतावर ठेवला आणि हात झटकत उठला.

“हो,” तो आईला म्हणाला. “असंच म्हणाले.”

डॉक्टर आमच्या भागात बरीच वर्षं आहेत आणि एवढं मराठी त्यांना कळतं. त्यांनी बापाकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, काहीतरी विचारावं म्हणून तोंड उघडलं, आणि मग बॅगेची चेन लावून चहा कुठे आहे ते विचारलं.